लिनक्स बसवताना अडलात? पहिल्या महिन्यातल्या अडचणी आणि त्यांची उकल

विंडोज 10 ला मिळणारी नेहमीची सुरक्षा अपडेट्स 14 ऑक्टोबर 2025 ला थांबली. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 (मशीनमधलं सुरक्षेचं हार्डवेअर) लागतं आणि ते आपल्याकडच्या जुन्या मशीनमध्ये बहुतेक नसतं. त्यामुळे अभ्यासिका, झेरॉक्सची दुकानं, तालुक्याच्या गावातले टायपिंग क्लास इथली चांगली चालणारी कॉम्प्युटर भंगारात निघायला लागली आहेत. परभणी जिल्ह्यातल्या एका गावच्या अभ्यासिकेतली अशी मशीनं मी लिनक्सवर (विंडोजच्या जागी चालणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टिम) आणली आणि ती मीच सांभाळतो. लातूर, जालना, हिंगोलीकडची पोरं फोन करतात, तेव्हा अडचणी फिरून फिरून त्याच निघतात. त्या एका जागी लिहून ठेवतोय.

एक गोष्ट आधीच पक्की करून घ्या. एरर आली की ती पूर्ण वाचायची, आणि एका वेळी एकच बदल करायचा. नेटवरून सापडलेल्या दहा कमांड एकामागून एक चिकटवल्या, की मूळ बिघाड कोणता आणि आपण नवा केलेला कोणता, हे कुणालाच सांगता येत नाही.

कमांड इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टाइप करताना त्या इंग्रजी लहान अक्षरांत लिहा. मोकळी जागा, आडव्या रेघा आणि तिरप्या रेघा जशा दिसतात तशाच ठेवा.

1. हाताशी काय हवं

- किमान 8 जीबीचा पेन ड्राइव्ह, आणि आपल्या फायलींची प्रत ठेवायला दुसरा एखादा ड्राइव्ह
- यूएसबी केबल आणि डेटा असलेला मोबाईल (का ते पाचव्या पायरीत कळेल)
- 64 बिट प्रोसेसर, निदान 4 जीबी रॅम आणि 25 जीबी मोकळी डिस्क
- इन्व्हर्टर किंवा यूपीएस. लॅपटॉप असेल तर पूर्ण चार्ज झालेली बॅटरी
- विंडोज ठेवायचं असेल तर बिटलॉकरची (विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप) रिकव्हरी की, कागदावर लिहून
- वही आणि पेन. ही वही पुढे फार कामाला येते.

सेतू किंवा सेवा केंद्राचं मशीन असेल तर जरा थांबा. अंगठ्याचं यंत्र आणि डिजिटल सहीचं टोकन यांच्यासाठी लिनक्सचं सॉफ्टवेअर मिळतं का, हे त्या त्या कंपनीच्या पानावर बघून घ्या. मिळत नसेल तर त्या मशीनला हात लावू नका. रोजच्या धंद्याचं मशीन प्रयोगासाठी नसतं.

2. कोणतं लिनक्स घ्यायचं

नवीन माणसाने लिनक्स मिंट 22 च्या मालिकेतलं किंवा उबुंटू 24.04 घ्यावं. दोन्हींना 2029 पर्यंत अपडेट्स मिळणार आहेत. उबुंटूच्या मधल्या आवृत्त्यांना फक्त नऊ महिने अपडेट्स मिळतात, त्या टाळा. मशीन जुनं असेल तर मी मिंटच सांगतो, त्यातही एक्सएफसीई डेस्कटॉपवालं.

3. पेन ड्राइव्ह तयार करणं

आयएसओ फाईल, म्हणजे लिनक्स बसवायची पूर्ण प्रत, अधिकृत पानावरूनच उतरवा. मिंटची फाईल साधारण 3 जीबीची आहे, उबुंटूची त्याच्या जवळजवळ दुप्पट. मोबाईलच्या नेटवर डाउनलोड मध्येच तुटतं, आणि फाईल पूर्ण दिसली तरी आतून खराब असू शकते. बसवताना साठ-सत्तर टक्क्यांवर गाडी अडते त्यामागे बहुतेक वेळा हेच असतं. म्हणून डाउनलोडच्या पानावर दिलेला शा-256 चा लांबलचक आकडा आपल्या फाईलशी जुळवून बघा. विंडोजवर कमांड प्रॉम्प्टमध्ये «सर्टयुटिल -हॅशफाइल», मग फाईलचं नाव, मग «शा256» लिहिलं की आपल्या फाईलचा आकडा मिळतो. एक अक्षर जरी वेगळं निघालं तरी फाईल पुन्हा उतरवा.

फाईल नुसती कॉपी करून पेन ड्राइव्ह चालत नाही. रुफस किंवा बलेना एचर हे सॉफ्टवेअर वापरून ती लिहावी लागते, आणि लिहिताना ड्राइव्हवरचं सगळं पुसलं जातं.

4. बसवताना जिथे अडतं

पेन ड्राइव्हवरून मशीन सुरू केलं की आधी न बसवताच लिनक्स चालवून बघता येतं. अर्धा तास तसंच वापरा. वायफाय, आवाज, टचपॅड, झाकण लावल्यावर झोपणं आणि पुन्हा जागं होणं, सगळं तपासा. इथे जे चालत नाही ते बसवल्यावर आपोआप चालेल असं धरू नका.

डिस्कच दिसत नसेल तर बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच उघडणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) स्टोरेजची सेटिंग बहुतेक आरएसटी किंवा रेडवर (आरएआयडी) असते, ती एएचसीआयवर न्यावी लागते. पण विंडोज ठेवायचं असेल तर ही सेटिंग बदलण्याआधी जाणकाराला विचारा, कारण सरळ बदलली तर विंडोज सुरू होत नाही. बिटलॉकर असेल तर तोही आधी विंडोजमधून बंद करा.

स्क्रीन काळी पडत असेल, खासकरून एनव्हिडियाचं कार्ड असलेल्या मशीनवर, तर सुरुवातीच्या मेनूतला «कम्पॅटिबिलिटी मोड» किंवा «सेफ ग्राफिक्स» हा पर्याय घ्या. बसवून झालं की ड्रायव्हर मॅनेजरमधून योग्य ड्रायव्हर टाका.

आता सर्वांत घातक जागा: «इरेज डिस्क अँड इन्स्टॉल». यात डी ड्राइव्ह, ई ड्राइव्ह, त्यातले लग्नाचे फोटो, सगळं जातं. विंडोजच्या शेजारी बसवायचं असेल तर «अलाँगसाइड»चा पर्याय निवडा. तो दिसतच नसेल तर तिथेच थांबा.

सिक्युअर बूट (सही नसलेलं सॉफ्टवेअर सुरुवातीलाच अडवणारी बायोसची सेटिंग) चालू असताना बाहेरचे ड्रायव्हर टाकायला होकार दिला की एक पासवर्ड ठरवायला सांगतात. मशीन पुन्हा सुरू होताना निळा पडदा येतो, त्यावर «एनरोल एमओके» निवडून तोच पासवर्ड द्यायचा असतो. हा पडदा थोडाच वेळ राहतो. लोक घाबरून «कंटिन्यू बूट» दाबतात आणि मग दोन दिवस वायफाय का चालत नाही ते शोधत बसतात.

5. वायफाय दिसत नाही

ब्रॉडकॉमचं कार्ड असलेल्या जुन्या लॅपटॉपवर हे हमखास होतं. ड्रायव्हर नेटवरून घ्यायचा आणि नेटसाठी ड्रायव्हर हवा, असा पेच पडतो. तो मोबाईलने सुटतो. फोन केबलने जोडा, हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा. लिनक्सला ते वायरचं नेट वाटतं, वेगळं काही टाकावं लागत नाही. मग ड्रायव्हर मॅनेजर उघडून सुचवलेला ड्रायव्हर टाका आणि मशीन रीस्टार्ट करा.

डेटा जपून वापरा. पहिल्या अपडेटमध्येच रोजचा दीड-दोन जीबी संपू शकतो. फ्लॅटपॅकमधून (लिनक्सवर ॲप मिळवायचा आणखी एक मार्ग) पहिलं सॉफ्टवेअर घेताना त्याच्यासोबत शेकडो एमबीचा पाया उतरतो, तेव्हा एवढ्याशा ॲपला एवढं डाउनलोड कशाला म्हणून मध्येच रद्द करू नका. पुढच्या ॲपला तोच पाया बहुतेक वेळा पुन्हा वापरला जातो.

6. पहिलं अपडेट आणि त्यातले एरर

टर्मिनल, म्हणजे कमांड लिहायची खिडकी, उघडा आणि «सुडो ॲप्ट अपडेट» लिहा, ते झालं की «सुडो ॲप्ट अपग्रेड». उबुंटूत पासवर्ड लिहिताना काहीच दिसत नाही, ठिपकेसुद्धा नाहीत; मिंटमध्ये फुल्या दिसतात. कीबोर्ड बंद पडलेला नाही, लिहून एंटर दाबा.

एरर खालून वर वाचायची सवय लावा. शेवटची ओळ बहुतेक वेळा «काहीतरी जमलं नाही» एवढंच सांगते, खरं कारण तिच्या दोन-चार ओळी वर असतं.

«टेम्पररी फेल्युअर रिझॉल्व्हिंग» म्हणजे बहुतेक वेळा नेट नाही. सॉफ्टवेअरमध्ये काही शोधत बसू नका.

«अनेबल टू लोकेट पॅकेज» (पॅकेज म्हणजे सॉफ्टवेअरचा गठ्ठा) आलं तर नावाचं स्पेलिंग बघा, आणि आधी अपडेट चालवलंय का ते बघा. नवीन बसवलेल्या मशीनवर पॅकेजची यादीच उतरलेली नसते.

«कुड नॉट गेट लॉक» आणि पुढे डीपीकेजीच्या (पॅकेज बसवणारं आतलं साधन) लॉक फाईलचं नाव येतं, तेव्हा दुसरं काहीतरी त्याच वेळी अपडेट करत असतं. उबुंटू सुरू झाल्या झाल्या मागे गुपचूप सुरक्षा अपडेट्स टाकतं, तेच ते. दहा-पंधरा मिनिटं थांबा. लॉकची फाईल काढून टाका असा सल्ला सगळीकडे मिळेल, तो ऐकू नका. चालू काम मधोमध तोडलं तर पॅकेजची नोंदच बिघडते.

«404 नॉट फाउंड» आणि «डझ नॉट हॅव अ रिलीज फाइल» यांत जास्त लोक अडकतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो. सॉफ्टवेअर जिथून उतरतं त्या जागेला भांडार म्हणू. बाहेरून जोडलेल्या भांडारात, म्हणजे पीपीए वगैरेत, आपल्या आवृत्तीचा कप्पाच नसतो तेव्हा हे येतं. उबुंटूच्या प्रत्येक आवृत्तीला टोपणनाव असतं: 22.04 चं जॅमी, 24.04 चं नोबल. मिंटचं नाव मात्र वेगळं. मिंट 22 चं नाव विल्मा आहे, पण आतून ते नोबलवर उभं आहे. डॉकर किंवा तसलं काही टाकण्यासाठी उबुंटूवाल्यांसाठी लिहिलेली कमांड तुम्ही मिंटवर चालवली, की ती मशीनला नाव विचारते, मशीन «विल्मा» सांगतं, आणि डॉकरच्या भांडारात विल्मा नावाचा कप्पाच नाही. सॉफ्टवेअर सोर्सेसमध्ये जा, बाहेरच्या भांडारांच्या यादीत ती ओळ शोधा आणि विल्माच्या जागी नोबल करा. «कॅट /ईटीसी/ओएस-रिलीज» लिहिलं की आपल्या मशीनचं उबुंटूचं टोपणनाव शेवटच्या ओळींत दिसतं. भांडारात नोबलही नसेल तर ती ओळ बंद करा, बाकीचं अपडेट सुरळीत चालेल.

«हॅश सम मिसमॅच» आलं तर यादी अर्धवट उतरलेली असते किंवा सर्व्हर त्याच वेळी बदलत असतो. थोड्या वेळाने पुन्हा करा. तरी येत राहिलं तर सॉफ्टवेअर सोर्सेसमधून सर्व्हर बदला. उबुंटूत भारतासाठीचा सर्व्हर आणि मुख्य सर्व्हर असे पर्याय आहेत, मिंटमध्ये वेगाप्रमाणे लावलेली यादी मिळते.

डेब फाईल (एकेका सॉफ्टवेअरची सुटी पॅकेज फाईल) उतरवून टाकत असाल तर डीपीकेजीने टाकू नका, त्याला सोबत लागणारी पॅकेजं आणता येत नाहीत. फाईल ज्या फोल्डरमध्ये आहे तिथे «सुडो ॲप्ट इन्स्टॉल ./» आणि लगेच फाईलचं पूर्ण नाव लिहा. ठिपका आणि तिरपी रेघ विसरली तर ॲप्ट ते नाव भांडारात शोधत बसतं.

बीसीए, पॉलिटेक्निकच्या मुलांना पिप (पायथनची पॅकेजं टाकणारं साधन) वापरताना «एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्न्मेंट» दिसेल. ही अडवणूक मुद्दाम केलेली आहे, कारण सिस्टिमची कितीतरी कामं त्याच पायथनवर चालतात. एररमध्येच «ब्रेक सिस्टिम पॅकेजेस»ची पळवाट दिलेली असते, ती घेऊ नका. «सुडो ॲप्ट इन्स्टॉल पायथन3-व्हीईएनव्ही» करा आणि प्रत्येक प्रोजेक्टसाठी वेगळं एन्व्हायर्न्मेंट बनवा.

7. अपडेट चालू असताना लाईट गेली

आपल्याकडे ही सर्वांत मोठी अडचण, आणि पुण्या-मुंबईत बसून लिहिलेल्या माहितीत ती फारशी सापडत नाही. उन्हाळ्यात दुपारी लाईट जाते, वळवाच्या वाऱ्यात फांदी तारेवर पडते, आणि नेमकं तेव्हा पॅकेज उलगडायचं काम चाललेलं असतं.

लाईट आल्यावर मशीन नीट सुरू झालं, पण काहीही टाकायला गेलं की «डीपीकेजी वॉज इंटरप्टेड» म्हणतंय, तर याच क्रमाने करा:

«सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए»
«सुडो ॲप्ट --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल»
«सुडो ॲप्ट अपडेट»
«सुडो ॲप्ट अपग्रेड»

पहिली कमांड अर्धवट राहिलेली पॅकेजं पूर्ण करते, दुसरी तुटलेली साखळी जोडते. दुसरी कमांड काही काढून टाकायची परवानगी मागू लागली तर ती यादी वाचा. त्यात डेस्कटॉपचं नाव असेल, म्हणजे सिनॅमन, एक्सएफसीई किंवा जीनोम, तर «नाही» म्हणा आणि यादी वहीत उतरवून कुणाला तरी दाखवा. डोळे झाकून होकार दिला की डेस्कटॉपच निघून जातो.

मशीन सुरूच होत नसेल तर बहुतेक वेळा कर्नलचं (लिनक्सचा गाभा) अपडेट अर्धवट राहिलेलं असतं. सुरू होताना एस्केप दाबा, जुन्या बायोसचं मशीन असेल तर शिफ्ट दाबून धरा. ग्रबचा, म्हणजे काय सुरू करायचं ते निवडायचा, मेनू येईल. त्यात «ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स»मध्ये जाऊन आधीचा, म्हणजे लहान आकड्याचा कर्नल निवडा. जुना कर्नल तिथे याचसाठी ठेवलेला असतो. त्यातून मशीन सुरू झालं की वरच्या चार कमांड चालवा.

काळ्या पडद्यावर कंसात «इनिट्रॅमएफएस» लिहिलेलं दिसलं तर डिस्कवरच्या नोंदी विस्कटल्या आहेत. वरच्या ओळींत कोणत्या भागाची तक्रार आहे ते दिलेलं असतं, समजा «/डेव्ह/एसडीए2». मग «एफएससीके -वाय /डेव्ह/एसडीए2» लिहा, संपू द्या, आणि «एक्झिट» म्हणा. लाईट न जाताही हे पुन्हा पुन्हा होत असेल तर डिस्कच थकली आहे. डिस्क्स नावाच्या ॲपमध्ये स्मार्टचा, म्हणजे डिस्कच्या तब्येतीचा, अहवाल बघा आणि फायली आधी बाहेर काढा.

अभ्यासिकेत आम्ही नियम केला आहे: अपडेट सकाळी, इन्व्हर्टर पूर्ण भरलेला असतानाच.

8. घड्याळ

जुन्या डेस्कटॉपचा मदरबोर्डवरचा सेल, तो गोल सीआर2032, संपलेला असतो. लाईट गेली की तारीख कित्येक वर्षं मागे जाते. मग ब्राउझर प्रत्येक पान असुरक्षित म्हणतो आणि अपडेटला «रिलीज फाइल इज नॉट व्हॅलिड येट» येतं. लोक नेटला दोष देतात. आधी कोपऱ्यातली तारीख बघा. सेल घड्याळाच्या दुकानातही मिळतो.

विंडोज आणि लिनक्स एकाच मशीनवर असतील तर विंडोजमधलं घड्याळ साडेपाच तास मागे पडतं. लिनक्स मशीनच्या घड्याळात जागतिक वेळ ठेवतं, विंडोज तीच स्थानिक वेळ समजतं. लिनक्समध्ये «टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी 1» एकदा चालवा.

अशाच दुहेरी मशीनवर डी ड्राइव्हवर काही लिहिता येत नसेल तर विंडोजचं फास्ट स्टार्टअप बंद करा. ते चालू असताना विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धं झोपलेलं राहतं, आणि लिनक्स त्या ड्राइव्हवर लिहायला नकार देतं.

9. प्रिंटर

एचपी लेसरजेट 1020 जोडला की यादीत दिसतो, प्रिंट गेल्याचंही सांगतो, पण कागद हलत नाही. या प्रिंटरला दर वेळी सुरू झाल्यावर मशीनकडून फर्मवेअर घ्यावं लागतं आणि ते एचपीच्या वेगळ्या प्लगइनमध्ये असतं. नेट चालू ठेवून «एचपी-प्लगइन» ही कमांड चालवा, अटी मान्य करा, प्रिंटर बंद करून चालू करा. एचपीएलआयपीची (एचपी प्रिंटरचं लिनक्सवरचं सॉफ्टवेअर) आवृत्ती अपडेटमध्ये बदलली तर प्लगइन पुन्हा टाकावं लागतं, तेव्हा प्रिंटर बिघडला म्हणून दुरुस्तीला नेऊ नका.

कॅनन एलबीपी 2900 झेरॉक्सच्या दुकानांत भरपूर दिसतो. तो कॅप्ट नावाच्या कॅननच्या स्वतःच्या पद्धतीने चालतो, आणि नव्या लिनक्सवर त्याचा ड्रायव्हर बसवणं किचकट काम आहे. तुमचा धंदा त्या एका प्रिंटरवर चालत असेल तर एक विंडोज मशीन त्याच्यासाठी राहू द्या.

10. मराठी टायपिंग

आयबस (वेगवेगळ्या भाषांत टाइप करायचं साधन) आणि त्यासोबत «आयबस-एम17एन» हे पॅकेज टाका, लॉगआउट करून परत या, मग इनपुटच्या यादीत मराठी शोधा. इन्स्क्रिप्ट, फोनेटिक, आयट्रान्स असे कीबोर्ड मिळतात. लॉगआउट न केल्यामुळे यादीत मराठी दिसत नाही, अशी तक्रार फार येते. जुन्या अर्जांच्या फायली उघडल्यावर इंग्रजी अक्षरांचा खिचडा दिसला तर त्या कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये आहेत. तो फॉन्ट तरी टाका, नाहीतर मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्या.

11. मदत मागताना

«चालत नाही» एवढ्यावर कुणालाच काही सांगता येत नाही. काय करत होतात, कोणती कमांड दिली, काय अपेक्षित होतं आणि काय आलं, हे चारही लिहा. एरर कॉपी करून मजकूर म्हणूनच पाठवा. मोबाईलने काढलेल्या तिरक्या फोटोत ठिपका आहे की स्वल्पविराम तेच दिसत नाही.

तुमच्या मशीनची भाषा मराठी असेल तर एररही अर्धी मराठीत येते आणि ती शोधून काही सापडत नाही. कमांडच्या आधी «एलसी_ऑल=सी» लिहा, संदेश मूळ इंग्रजीत येईल. यातली «एलसी_ऑल» आणि «सी» ही अक्षरं मात्र मोठ्या लिपीत हवीत. सुडोची कमांड असेल तर हे सुडोच्या नंतर लिहा.

मशीनची माहिती द्यायला «आयएनएक्सआय -एफएक्सझेड» वापरा, यातला एफ मोठा. झेडमुळे नेटवर्क कार्डचे पत्ते आणि सिरियल नंबर झाकले जातात. काय काय टाकलं-काढलं याची तारखेनिशी नोंद «/व्हार/लॉग/ॲप्ट/हिस्टरी.लॉग» या फाईलमध्ये असते. काल चालत होतं आणि आज नाही, असं असेल तेव्हा सगळ्यात आधी मी हीच फाईल मागतो.

12. सगळं चालू झालं की त्याच दिवशी

टाइमशिफ्ट उघडा (मिंटमध्ये ते आधीपासून असतं), आरसिंक हा प्रकार निवडा आणि पहिला स्नॅपशॉट, म्हणजे सिस्टिमची त्या दिवशीची प्रत, घ्या. पुढे कोणतंही अपडेट अंगाशी आलं तर पेन ड्राइव्हवरून लाईव्ह मिंट सुरू करूनही त्या दिवसावर परत जाता येतं, म्हणून तो पेन ड्राइव्ह पुसू नका. टाइमशिफ्ट फक्त सिस्टिमच्या फायली राखतं. तुमचे अर्ज, नोट्स आणि फोटो होम फोल्डरमध्ये असतात आणि ते त्यात धरलेले नसतात. ते दुसऱ्या ड्राइव्हवर वेगळे उतरवून घ्या.